त्याच दगडाचं, त्याच चुन्याचं: एक उभं, एक आडवं

गेल्या श्रावणात आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नानांनी एक फोटो टाकला. तांबूस-करड्या दगडाचं एक देखणं, बुटकं चर्च, वर टोकदार टोपीसारखा घुमट. खाली मजकूर होता: इ.स. ६१८ मध्ये आर्मेनियात बांधलेलं चर्च, चौदाशे वर्षं, कितीतरी भूकंप, तरी चिरा हलला नाही. सिमेंट नाही, सळई नाही, फक्त चुना. आपल्याकडच्या गूळ, उडीद आणि बेलफळाच्या पाण्यात घोटलेल्या चुन्यासारखाच. आजचे इंजिनिअर काय करतात? आणि त्याखाली नानांची स्वतःची ओळ: "आपला वाडाही असाच. सदुसष्टला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कौलं तेवढी घसरली."

फोटोतलं चर्च मी लगेच ओळखलं. आर्मेनियातल्या वाघर्शापात गावातलं संत ह्रिप्सिमेचं चर्च. भाची येरेवानला वैद्यकीय शिक्षण घेते, तिला भेटायला गेलो होतो तेव्हा त्या चर्चच्या दारात तासभर उभा होतो. फोटो खरा आहे, साल खरं आहे, चर्च उभं आहे हेही खरं आहे. पण तिथून तीन-चार किलोमीटरवर आणखी एक चर्च आहे, आणि ते या फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही, कारण फोटो काढण्यासारखं त्याचं फारसं काही उरलेलं नाही. ह्रिप्सिमेनंतर जेमतेम पंचवीस वर्षांनी त्याचं काम सुरू झालं. दगड तोच, चुना तोच, गवंडीकामाची परंपरा तीच, पायाखालची जमीन आणि तिचे हादरेही तेच. ते साडेतीनशे वर्षंही टिकलं नाही. त्याचं नाव झ्वार्तनोत्स.

इमारतींचे हिशेब करण्यात माझी वीस-बावीस वर्षं गेली आहेत. भूकंपात काय पडतं आणि काय उभं राहतं हे समजून घ्यायला याहून चांगला प्रयोग निसर्गानेही मांडला नसता. म्हणून ग्रुपवर दोन ओळींत उत्तर न देता इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी थोडा इतिहास. आर्मेनियाने चौथ्या शतकाच्या सुरुवातीलाच, परंपरेप्रमाणे इ.स. ३०१ मध्ये, ख्रिस्ती धर्म राजधर्म म्हणून स्वीकारला. (याच आर्मेनियन लोकांचे व्यापारी पुढे सुरत, मुंबई, कोलकात्यापर्यंत आले. मुंबईत फोर्ट भागात १७९६ सालचं आर्मेनियन चर्च आहे.) ज्या संतामुळे हे घडलं तो ग्रेगोर आणि राजा त्रदात यांची भेट जिथे झाली असं मानतात, त्या जागी सातव्या शतकात तिसऱ्या नेर्सेसने मोठं मंदिर, म्हणजेच झ्वार्तनोत्सचं चर्च, बांधायला घेतलं. नेर्सेस हा आर्मेनियन चर्चचा कॅथलिकॉस, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरू. लोक त्याला 'शिनोघ' म्हणत, म्हणजे बांधणारा. काळ मोठा धामधुमीचा. ६४० मध्ये अरबांनी ड्विन ही राजधानी घेतली होती, दुसरीकडून बायझंटाइन सम्राटाचा दबाव होता. अशात ६४३ च्या सुमारास काम सुरू झालं आणि ६५२ च्या सुमारास मंदिराचा अभिषेक झाला. सम्राट दुसरा कोन्स्तान्स त्या वेळी हजर होता. असंच चर्च आपल्या राजधानीत, कॉन्स्टँटिनोपलला, हवं म्हणून त्याने इथला स्थपती सोबत नेला आणि तो वाटेतच वारला, अशी कथा आर्मेनियन इतिहासात सांगितली जाते. झ्वार्तनोत्स या नावाचा अर्थ 'जागते देवदूत'.

दहाव्या शतकाच्या अखेरीस ते पडलेलं होतं. हे आपल्याला कळतं ते स्तेपानोस असोघिक या इतिहासकारामुळे. तो लिहितो की राजा गागिकने आनी या राजधानीत एक चर्च बांधायला घेतलं, वाघर्शापातच्या त्या कोसळलेल्या महान चर्चसारखं. पडण्याची दोन कारणं अभ्यासक मांडतात, अरबी स्वाऱ्या किंवा भूकंप. बहुतेकांचा कौल भूकंपाकडे आहे, आणि रचना पाहिल्यावर माझाही तोच आहे.

त्या मुलखात भूकंप म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच. अरबी भूपट्ट उत्तरेकडे सरकत युरेशियाच्या भूपट्टाला रेटतो, त्या रेट्यात आर्मेनियाचं पठार चेपलं जातं. ७ डिसेंबर १९८८ चा स्पिताकचा भूकंप अनेकांना आठवत असेल, सुमारे पंचवीस हजार माणसं गेली. ८९३ मध्ये ड्विन शहर असंच उद्ध्वस्त झालं. या भूकंपाची एक गंमतशीर नोंद आहे. अरबी लेखक ड्विनला 'दबील' म्हणत. पुढच्या काळात याद्या बनवणाऱ्यांनी हे नाव चुकीचं वाचलं आणि तोच भूकंप कुठे इराणच्या अर्दबीलच्या, तर कुठे सिंधमधल्या देबल बंदराच्या नावावर चढला. एका नुक्त्याने शहर हजारो किलोमीटर सरकलं. ऐतिहासिक भूकंपांच्या याद्या वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवावी.

झ्वार्तनोत्सची जागा वीसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १९०० ते १९०७ मध्ये, खणली गेली. तोवर तो मातीचा ढिगारा होता. निघालं ते असं: पायऱ्यांचा गोल चौथरा, त्यावर बत्तीस बाजूंचं जवळजवळ वर्तुळच, व्यास साधारण ३५ मीटर. आत चार भलेमोठे खांब, खांब कसले, बुरूजच. त्यांच्या मध्ये चार अर्धगोल कोनाडे, म्हणजे वरून पाहिलं तर चार पाकळ्यांचं फूल. पूर्वेची पाकळी भरीव भिंतीची, पण उरलेल्या तीन पाकळ्यांना भिंतच नाही. तिथे प्रत्येकी सहा सडपातळ खांब अर्धवर्तुळात उभे, त्यांच्यावर कमानी. या फुलाभोवती प्रदक्षिणापथ, आणि त्याबाहेर बाहेरची गोल भिंत.

आज गेलात तर काही खांब आणि कमानी उभ्या दिसतात. त्या विसाव्या शतकात पुन्हा रचलेल्या आहेत. मला जास्त बोलके वाटले ते गवतात मांडून ठेवलेले सुटे दगड. द्राक्षाचे वेल, डाळिंबं, हातात अवजारं घेतलेली माणसं. आणि एक गरुड. चार बुरुजांच्या मागे उभ्या असलेल्या खांबांपैकी एकाचं हे शीर्ष: पंख दोन्हीकडे पसरलेले, एकेक पीस छिन्नीने वेगळं काढलेलं, छाती पुढे. डोकं झिजून गेलंय. मी पंखावर हात ठेवला, दगड उन्हाने कोमट आणि आश्चर्य वाटेल इतका खडबडीत होता, आपल्या काळ्या पाषाणासारखा गुळगुळीत नाही. भाची म्हणाली, "मामा, हा प्यूमिससारखा लागतो, पाय घासायच्या दगडासारखा." तिचं निरीक्षण अचूक होतं.

हा दगड म्हणजे टफ. आपला सह्याद्री लाव्हा शांतपणे वाहून थंड झाला त्यातून बनला, म्हणून बेसॉल्ट घट्ट आणि जड, पाण्याच्या जवळजवळ तिप्पट. आर्मेनियातल्या अरागात्ससारख्या ज्वालामुखींनी मात्र राख आणि फेसाळ काच ओकली. ती तापलेली राख थरांनी बसली, आपल्याच उष्णतेने एकमेकांत चिकटली आणि टफ झाला. सच्छिद्र, हलका, पाण्याच्या दीड-दोन पट. करवतीने कापता येतो, छिन्नीखाली लोण्यासारखा चालतो. गुलाबी, नारिंगी, करडा, काळा, सगळ्या रंगांत मिळतो. घुमट बांधणाऱ्याला हलका दगड म्हणजे वरदानच, कारण भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या वजनाच्या प्रमाणात असतो.

आता भिंतीच्या आत डोकावू. आर्मेनियन भिंत बाहेरून चिरेबंदी दिसते. चिरे इतके नीट बसवलेले की सांध्यात नख जात नाही. पण ते चिरे म्हणजे दोन्ही बाजूंचे पातळ पापुद्रे. मधला सगळा गाभा चुना आणि टफच्या तुकड्यांच्या काँक्रीटचा. चिऱ्यांच्या दोन रांगा उभ्या करायच्या, मध्ये हे मिश्रण ओतायचं, ठोकून बसवायचं, मग वरची रांग. आजच्या भाषेत, चिरे म्हणजे कायमचं सेंटरिंग, काँक्रीट ओतायचा साचा. पुरणपोळीत पोळी नावाला आणि खरी चव पुरणात, तसं इथे खरं बळ पुरणात. आनीच्या अवशेषांत कितीतरी भिंतींचे चिरे गळून पडलेत आणि गाभा तसाच उभा आहे. तिथल्या तारणहाराच्या चर्चचा, जे १०३५ च्या सुमारास बांधलं, अर्धा भाग १९५७ च्या वादळात कोसळला आणि उरलेला अर्धा सुरीने कापल्यासारखा उभा राहिला. शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात कांद्याचा उभा छेद दाखवतात ना, तसा तो चर्चचा उभा छेद आहे.

हा गाभा एवढा घट्ट का? फॉरवर्डमधलं 'रहस्य' इथे येतं, म्हणून स्पष्ट सांगतो. साधा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून परत चुनखडी बनतो. दीड मीटर जाड भिंतीच्या पोटात हवा पोचत नाही, म्हणून तिथला साधा चुना वर्षानुवर्षं मऊ राहू शकतो. पण चुन्यात ज्वालामुखीची राख किंवा टफचा चुरा असेल तर त्यातली काचेसारखी सिलिका चुन्याशी पाण्याच्या मदतीने संयोग पावते आणि सिमेंटमध्ये तयार होतो तसाच चिकट बांध तयार होतो. याला हवा लागत नाही, ओल पुरते. रोमन लोकांनी हेच केलं. आपल्याकडे राख नसल्याने विटांचा चुरा, म्हणजे सुरखी, वापरत. ती त्याच कुळातली. गूळ, उडीद, बेल यांचाही उपयोग होतो. चुना कामाला मऊ राहतो, पाणी लवकर सुटत नाही, भेगा कमी पडतात. पण ताण सोसायची ताकद त्यातून येत नाही. दगड आणि चुना दाबाला खंबीर, ओढायला मात्र नाजूक, मग त्यात गुळाच्या किती का ढेपा घाला.

आणि मुख्य म्हणजे, ह्रिप्सिमे आणि झ्वार्तनोत्स या दोन्हींचा गाभा याच जातीचा. तेव्हा एक उभं राहिलं आणि एक पडलं याचं उत्तर चुन्याच्या मिश्रणात सापडणार नाही. ते शोधायचं तर वजन जमिनीपर्यंत कोणत्या वाटेने उतरतं ते पाहावं लागेल. या लेखात मला खरं सांगायचं आहे ते हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

एक काडेपेटी घ्या, पाटावर उभी करा आणि पाट हळूहळू एका बाजूने उचला. एका ठरावीक कोनाला काडेपेटी पडते. तो कोन तिच्या रुंदी-उंचीच्या गुणोत्तराने ठरतो. भूकंपात जमीन आडवी हिसका देते तेव्हा इमारतीला नेमकं हेच वाटतं, जणू कोणीतरी जमीनच कलती केली. हिसक्याचा जोर गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश असेल, तर तो कल सुमारे ११ अंशांचा. फरक एवढाच की हा कल अर्ध्या-पाव सेकंदात उलटा होतो, पुन्हा सुलटा होतो.

आता समजा एक सुटा दगडी खांब आहे, पाच मीटर उंच आणि साठ सेंटीमीटर रुंद. त्याचा कोन भरतो सुमारे सात अंश. म्हणजे ११ अंशांच्या हिसक्यात तो पडायलाच हवा. पण पडतोच असं नाही! तो एका कडेवर उचलला जातो, मग हिसका उलटा होतो, तो परत बसतो, दुसऱ्या कडेवर उचलला जातो, असा डुलत राहतो. पूर्ण पडायला त्याचा गुरुत्वमध्य कडेच्या बरोबर वर यावा लागतो, म्हणजे त्या खांबाचं सगळं वजन सुमारे १.८ सेंटीमीटर वर उचलावं लागतं. त्याच प्रमाणाची, पण शंभर पट छोटी, पाच सेंटीमीटर उंचीची प्रतिकृती केली तर ते उचलणं फक्त ०.१८ मिलिमीटर. म्हणून एकच आकार असला तरी मोठी वस्तू लहानीपेक्षा भूकंपात जास्त तग धरते. जॉर्ज हाऊसनर या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हे गणिताने दाखवलं. टेबलावरच्या प्रतिकृतीला हलवून 'पाहा पडली' किंवा 'पाहा टिकली' म्हणणारे व्हिडिओ यामुळेच फसवे असतात. ग्रीक मंदिरांचे सुटे खांब दोन-अडीच हजार वर्षं भूकंपाच्या पट्ट्यात उभे आहेत ते याच डुलण्याच्या जोरावर.

मग झ्वार्तनोत्सचे खांब का नाही डुलले? कारण ते सुटे नव्हते. त्यांच्या डोक्यावर कमानी होत्या, कमानींवर दुसऱ्या मजल्याची गोल भिंत होती.

कमान ही मोठी गुणी रचना. तिच्यातला प्रत्येक दगड शेजाऱ्याला दाबतो आणि सगळ्या दाबाची मिळून एक रेघ दगडांतून वाहत खाली उतरते. ती रेघ दगडाच्या जाडीच्या आत आहे तोवर कमान हजार वर्षं उभी राहते. पण या रेघेला खाली जाताना बाहेरही रेटायची सवय असते, आणि तो रेटा टेकूने पेलायचा असतो. सरळ रांगेतल्या कमानी एकमेकींचा रेटा परस्पर भागवतात, डावी उजवीकडे ढकलते, उजवी डावीकडे, मधला खांब निवांत. पण खांब अर्धवर्तुळात असतील तर? दोन्हींचे रेटे एका रेषेत राहत नाहीत, त्यांच्यात कोन होतो, आणि बेरीज शून्य होत नाही. लहानपणी आपण फेर धरून खांद्याला खांदा लावून एकमेकांना रेटायचो, तेव्हा मधला गडी फेराबाहेर फेकला जायचा, तसा खांब फुलाच्या केंद्रापासून बाहेर, प्रदक्षिणापथाकडे ढकलला जातो. त्याला आत ढकलायला प्रदक्षिणापथावरचं दगडी छत असतं. त्या छताचं दुसरं टोक बाहेरच्या गोल भिंतीवर. म्हणजे खांब दोन रेट्यांच्या मध्ये पकडलेला: आतून कमानी, बाहेरून छत. शांत दिवशी हा तोल सुंदर आहे. आठ-नऊ मीटर वर दुसऱ्या मजल्याचं वर्तुळ, त्याच्याही वर घुमटाचा गळा, म्हणजे घुमट ज्यावर बसतो ती गोल भिंत, खाली प्रकाशाने भरलेली जाळीच जणू. बांधणाऱ्यांनी दगडाला जे करायला लावलं ते पाहून आजही छाती भरून येते.

हादरा आला की काय होतं पाहा. बाहेरची भिंत तिच्या तालावर हलते, चार बुरूज त्यांच्या. बुरूज जाड आणि ताठ, खांब बारीक आणि लवचीक. बाहेरची भिंत दोन बोटं जरी बाहेर सरकली तरी छताचा रेटा सैल पडतो, आणि कमानींचा रेटा खांबाला बिनविरोध बाहेर घालवतो. खांबांची डोकी फाकली की कमानीच्या मधोमध खालून भेग, टोकांना वरून भेग. प्रत्येक भेग म्हणजे एक बिजागरी. कमान तीन बिजागऱ्यांपर्यंत जगते. चौथी पडली की ती रचना राहत नाही, ते यंत्र होतं, आणि खाली येतं. सहातला एक खांब गेला की शेजारचे दोन अर्धवट मोकळे. त्यावरचं दुसऱ्या मजल्याचं वर्तुळ तुटलं की घुमटाच्या गळ्याचा आधार गेला. घुमटाच्या खालच्या कडेला मुळातच फाकायची ओढ असते, बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव नसेल तर ते जसं उकलतं तसा.

ह्रिप्सिमेत ही साखळीच नाही. तिथेही मध्ये घुमट आणि भोवती चार पाकळ्या, पण पाकळ्यांना भिंती आहेत, कोपऱ्यांत खोल्या आहेत. घुमटाचं वजन आठ बाजूंना भरीव भिंतींत उतरतं, त्या भिंती एकमेकींना काटकोनात धरून ठेवतात, सगळं मिळून एक पेटी. बुटकी, बसकी, हट्टी. आणि सतराव्या शतकात तिची मोठी डागडुजीही झाली, हे फॉरवर्डवाले सांगत नाहीत. चौदाशे वर्षं उभ्या असलेल्या कुठल्याही इमारतीमागे तिची काळजी घेणारी माणसं असतात.

आता तुम्ही म्हणाल, एका उदाहरणावरून एवढं कसं म्हणता? इतिहासाने हा प्रयोग दुसऱ्यांदा केलाय.

आनीमध्ये दहाव्या शतकाच्या शेवटी एक स्थपती होता, त्याचंही नाव त्रदात. किती मोठा? २५ ऑक्टोबर ९८९ च्या भूकंपात कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाची पश्चिम कमान आणि घुमटाचा काही भाग कोसळला, तेव्हा दुरुस्तीला याला बोलावलं. ९९४ मध्ये ते काम पुरं झालं. याच त्रदातने आनीचं कॅथेड्रल बांधलं, १००१ मध्ये पूर्ण. जुडग्यांसारखे जाड खांब, टोकदार कमानी, भोवती भरीव भिंती. १३१९ च्या भूकंपात त्याचा घुमट गेला, १९८८ च्या भूकंपात एक कोपरा गेला, पण मूळ पेटी आजही उभी आहे.

आणि याच त्रदातने, त्याच शहरात, राजा गागिकसाठी झ्वार्तनोत्सची प्रतिकृती बांधली. असोघिकने लिहिलंय ते हेच चर्च, १००१ मध्ये सुरू झालेलं गागकाशेन. त्यात त्याने एक बदल केला. झ्वार्तनोत्सची पूर्वेची पाकळी निदान भरीव भिंतीची होती. इथे तीही उघडली, चौथ्या पाकळीलाही खांब. चर्च थोड्याच काळात डळमळू लागलं. उत्खननात बुरुजांना नंतर भर घातल्याच्या खुणा मिळाल्या. तेही पडलं, आणि त्या ढिगाऱ्यावर लोकांनी घरं बांधली. तोच कारागीर, तोच दगड, तेच शहर. भरीव भिंतींचं टिकलं, खांबांच्या जाळीचं पडलं.

निकोलाय मार या पुरातत्त्वज्ञाच्या उत्खननात १९०६ मध्ये गागकाशेनच्या ढिगाऱ्यात आणखी एक वस्तू सापडली. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. झ्वार्तनोत्स मुळात कसं दिसत होतं हे त्याआधी तोरोस तोरामानियान या वास्तुतज्ज्ञाने नुसत्या पायाच्या रेघा आणि विखुरलेले दगड मोजून काढलं होतं: तीन टप्प्यांचं, वर वर निमुळतं होत गेलेलं, सुमारे ४५ मीटर उंच. अनेकांनी त्याला वेड्यात काढलं, असं चर्च कुठे असतं का म्हणून. मग गागकाशेनमध्ये राजा गागिकचा पुतळा तुकड्यांत मिळाला. दोन मीटरहून उंच, डोक्यावर मोठं पागोटं, आणि हातात चर्चची छोटी प्रतिकृती. ती प्रतिकृती तीन टप्प्यांची गोल होती. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत पुतळा हरवला. त्याचा एक तुकडा आज तुर्कस्तानात एर्झुरुमच्या संग्रहालयात आहे. काही अभ्यासक तोरामानियानच्या आराखड्याला अजूनही हरकत घेतात, त्यांचं मुख्य म्हणणं हेच की खालचे खांब वरचं एवढं ओझं पेलतील कसे. मला ती हरकत वाटत नाही, ते तर त्याच्या अंताचं स्पष्टीकरण वाटतं.

त्या काळचे इतिहासकार भूकंपाला पापाची शिक्षा म्हणत. त्यांच्याकडे भूपट्टांची कल्पना नव्हती, त्यांना दोष देता येत नाही. आज मात्र ग्रहांच्या युतीवरून भूकंपाची तारीख सांगणारे संदेश सुशिक्षित माणसं पुढे ढकलतात तेव्हा वाईट वाटतं. भूकंपाची तारीख आज कोणीही सांगू शकत नाही. कोणती भिंत पडेल हे मात्र बऱ्यापैकी सांगता येतं, आणि ते सांगणाऱ्या संदेशाला कोणी पुढे ढकलत नाही. 'जुनं ते पडत नाही' ही समजूत तर त्याहून घातक. जुनं पडलेलं आपल्या डोळ्यांसमोर नसतं, एवढंच त्याचं कारण. ह्रिप्सिमेचा फोटो निघतो, झ्वार्तनोत्सच्या ढिगाऱ्यावर हजार वर्षं गवत उगवतं.

किल्लारी आठवा. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट, तीन छप्पन. भिंती दोन-अडीच फूट जाड, दगडाच्या, माळवदाची घरं. बाहेरून भक्कम दिसणाऱ्या त्या भिंतीही दोन पापुद्र्यांच्याच होत्या. पण मध्ये चुना-टफचं काँक्रीट नव्हतं, माती आणि दगडांचे कपचे होते. हादऱ्यात ती भर खाली बसली, पाचरीसारखी दोन पापुद्र्यांत घुसली, एक पापुद्रा अंगणात पडला, दुसरा घरात. आणि वरचं मातीचं माळवद झोपलेल्या माणसांवर. बेसॉल्ट चांगला, माणसंही घाम गाळून बांधणारी. भिंतीच्या आरपार जाणारा, दोन्ही पापुद्र्यांना एकत्र शिवणारा दगड तेवढा नव्हता. भारतीय मानकात त्याचा हिशेब दिलाय: दर ६० सेंटीमीटर उंचीवर, आडवे १.२ मीटरच्या आत, एक आरपार दगड. एवढंच.

हे सगळं मी नानांना फोनवर सांगितलं. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "मग आपल्या वाड्याच्या भिंतीत आरपार दगड असतील ना रे?"

गणपतीला गावी गेलो तेव्हा माजघराच्या मागच्या भिंतीला ओळंबा लावला. वरून दोरी भिंतीला चिकटून सुटली, खालीही चिकटली, पण मध्ये, कमरेच्या थोडं वर, भिंतच दोरीला तीन बोटं बाहेर ढकलत होती. आतल्या बाजूने ओळंबा धरला, तिथे भिंत सरळ. म्हणजे बाहेरचा पापुद्रा सुटायला लागलेला, आणि मधली भर खाली बसत असलेली. नानांनी हाताने ठोकून पाहिलं. वरच्या बाजूला ठण्ण आवाज, पोटाशी पोकळ. ते काही बोलले नाहीत, बराच वेळ हात तिथेच ठेवून उभे राहिले.

किल्लारीनंतर तिथल्या वाचलेल्या घरांना जो उपाय केला तोच करायचं ठरलंय: भिंतीत साधारण मीटर-मीटरवर आरपार भोकं, प्रत्येकात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई, आणि काँक्रीट भरून बंद. वरच्या बाजूला सगळ्या भिंतींना बांधणारा पट्टा, चाकाच्या धावेसारखा. पावसाची ओल निघून गेली की, दिवाळीनंतर, गवंडी येणार आहेत. तोवर त्या भिंतीलगतची खाट नानांनी स्वतः उचलून ओसरीवर आणली.